मान्यता कुणाच्या बापाची?

"नोकरी सांभाळा, डॉक्टर व्हा!" वाशीम जिल्ह्यातल्या पोरांच्या मोबाईलवर ही जाहिरात आता सारखी येते. व्यवसाय प्रशासनातली डॉक्टरेट. घरबसल्या. हजेरी नाही, परीक्षा नाही. परदेशी विद्यापीठाचा शिक्का. फी लाखात, पण हप्त्यानं. आणि खाली ठळक अक्षरात एक शब्द : मान्यताप्राप्त.

माझं गाव शिरपूर जैन, तालुका मालेगाव. मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडे माल उतरवतो आणि पाळी सुटली की कविता लिहितो. गावचा माझा एक दोस्त मात्र एम.कॉम. झाला. वाशीमला पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्याच्या ठेवी मोजतो. त्याला डॉक्टर व्हायचंय. परवा फोनवर म्हणाला, "काय करू बे? माय बचत गटातून कर्ज उचलाले तयार हाये. घेऊन टाकू का हे डॉक्टरेट?"

मी तिथल्या तिथं नाही म्हणालो. पण नुसत्या नाहीनं भागत नाही. त्याच्यासारखी पोरं गावोगाव आहेत. म्हणून या अंकाचं पहिलं पान त्यांच्यासाठी.

आधी त्या 'मान्यताप्राप्त'ची सालं सोलू. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात २२ वं कलम आहे. पदवी कोण देऊ शकतं ते त्यात लिहिलंय. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यानं उभं राहिलेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, नाहीतर संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कुणी नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगानं आणि तंत्रशिक्षण परिषदेनं मिळून जाहीर बजावलं की परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ऑनलाईन पीएचडी विकणाऱ्या कंपन्यांच्या नादी लागू नका, ती पीएचडी इथं मान्य नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अशा कंपन्यांच्या पदव्यांबद्दल पुन्हा इशारा दिला. तरी दुकानं चालूच.

व्यवसायातली डॉक्टरेट म्हणजे सगळाच धंदा, असं मी म्हणत नाही. बाहेरच्या चांगल्या विद्यापीठांत ती नोकरदार माणसं करतात. पण तिथं वर्षानुवर्षं घासावी लागते, प्रबंध लिहावा लागतो, परीक्षकांपुढं उभं राहावं लागतं. म्हणून पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे विद्यापीठ त्याच्याच देशात मान्य आहे का? आणि इथं ही पदवी पीएचडीच्या बरोबरीची धरतात का? उत्तर लेखी मागा. जो लेखी देत नाही तो चोर.

आमच्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी उभी आहे, अशी श्रद्धा. लांबून लोक बघायला येतात. देवाचं देवापाशी. पदवीला अधांतरी राहून चालत नाही. तिच्या पायाखाली कायद्याची जमीन लागते, नाहीतर ज्या दिवशी तिच्यावर उभं राहायला जाल त्या दिवशी तोंडावर आपटाल. आणि मायच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतील.

मग खरा रस्ता कुठला? आहे. २०२२ च्या पीएचडीच्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला जागा आहे. एम.कॉम.ला ५५ टक्के लागतात, आपल्या पोरांना ५ टक्क्यांची सूट. प्रवेश परीक्षा किंवा नेट, मुलाखत, निदान १२ क्रेडिटचा अभ्यासक्रम. मुदत कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, वर थोडी वाढ मिळते. दूरस्थ किंवा ऑनलाईन पीएचडीला मनाई. आमच्या जिल्ह्याचं विद्यापीठ अमरावतीचं, १९८३ सालचं. त्याला नाव आहे संत गाडगेबाबांचं. शाळेचं तोंड न पाहिलेला, हातात खराटा आणि खापर घेऊन गावं झाडणारा माणूस. त्यानं पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, कारण त्याला शिकण्याची किंमत कळत होती. त्या नावाच्या विद्यापीठात आमच्या पोरानं रांगेत उभं राहून, घाम गाळून डॉक्टर व्हावं. विकत घेऊन नाही.

पण दोस्तहो, या खऱ्या रस्त्यावरही एक फाटक आहे. अर्धवेळ करणाऱ्यानं मालकाचं ना-हरकत पत्र आणायचं. त्यात मालकानं तीन गोष्टी लिहून द्यायच्या. याला अर्धवेळ शिकायला परवानगी आहे. याच्या कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो. गरज पडली तर अभ्यासक्रमासाठी याला मोकळं करू.

वाचा, पुन्हा वाचा. हा नियम कुणाला डोळ्यापुढं ठेवून लिहिलाय? ज्याला ऑफिस आहे, साहेब आहे, शिक्का आहे, रजा आहे त्याला. पतसंस्थेतला कारकून मॅनेजरच्या मागंमागं फिरून कसंबसं ते पत्र काढील. पण ठेक्यावरच्या माणसाचं काय? माझा ठेकेदार बदलतो, बिल्ला बदलतो, हजेरीची चिठ्ठी आठवड्यानं मिळत नाही. जो माणूस मी त्याच्याकडं काम करतो हेच लिहून देत नाही, तो मला शिकायला वेळ आहे असं लिहून देणार? उद्या मी खुल्या विद्यापीठातून बी.कॉम. केलं, एम.कॉम. केलं, तरी या कागदापाशी अडणार. पूर्वी शाळेच्या दारात जात विचारायचे. आता मालकाची चिठ्ठी विचारतात. जातीनं ज्याला ठेक्यावर ढकललं, त्याच्यापाशी ती चिठ्ठी नसते.

पूर्णवेळ करावं तर पोट आहे. फेलोशिप मिळते ती पूर्णवेळवाल्यालाच. म्हणजे नोकरी सोड, मग फेलोशिपची वाट बघ. ती वाट किती लांब असते ते आझाद मैदानाला विचारा. २०२३ मध्ये बार्टीचे संशोधक पुस्तकं सोडून तिथं बसले होते.

कमावत शिकणं ही आमची जुनी चाल आहे. १८५५ साली जोतिबा-सावित्रीनं पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघालं तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, कारण दहा वाजता पोरांना कामावर जायचं असायचं. पोराचं काम बघून वर्गाची वेळ ठरवणारे ते लोक. आणि आज पोरानं मालकाची मर्जी बघून शिकायचं?

खुद्द बाबासाहेबांचं बघा. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली, लंडनचा अभ्यास अर्ध्यावर सोडून परत यावं लागलं. लंडनच्या संस्थेनं चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा दिली होती. मुंबईत त्यांनी शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला द्यायची कंपनी काढली. कोलंबियाचा एम.ए., तिथं पीएचडीचा प्रबंध लिहून आलेला माणूस! गिऱ्हाईक यायला लागलं. मग सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक आटलं. कंपनी बंद. म्हणजे कागद अस्सल होता, विद्यापीठ जगातलं नामांकित होतं, पण मान्यता नव्हती. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले तर तिथं काही प्राध्यापकांना माठातल्या पाण्याची पंचाईत. त्याच नोकरीतून पैसा पैसा जोडला, शाहू महाराजांची मदत, मित्राचं कर्ज, आणि १९२० ला पुन्हा लंडन. प्रबंधावर परीक्षक अडले, जवळचे पैसे संपले, तेव्हा १९२३ ला मुंबईला आले. परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांचा संसार होता. प्रबंध दुरुस्त करून इथून पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली.

आणि विषय कुठला? रुपयाचा प्रश्न. रुपयाची किंमत खाली गेली की निर्यात करणाऱ्याला फायदा होतो. तो फायदा येतो कुठून? भाव चढतात, मजुरी मागंच राहते, म्हणजे तो मजुराच्या ताटातून येतो. हे बाबासाहेबांनी आकड्यांनिशी मांडलं. मी गोदीत निर्यातीचा माल चढताना बघतो तेव्हा मला हे आठवतं. व्यवसायातली डॉक्टरेट म्हणतात ती याला म्हणतात. धंद्याला त्याचा हिशोब विचारणं.

आपले विषय आपल्या पायाशी पडलेत. मालेगावच्या बाजारात सोयाबीनच्या ओलाव्याची कपात कोण ठरवतं? बचत गटाच्या बाया व्याज किती भरतात आणि ते जातं कुठं? गोदीत एका कामगारामागं ठेकेदाराला किती मिळतात आणि कामगाराच्या हातात किती पडतात? यावर प्रबंध कोण लिहील? ज्याच्या बापानं ठेका घेतलाय तो?

डिसेंबर २०२३, नागपूरचं अधिवेशन. फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं, पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार? सभागृहात हा प्रश्न सहज निघतो. ठेकेदार काय दिवे लावतात हा निघत नाही.

ज्यांना पदवीची किंमत कळत नाही त्यांनी मराठवाड्यात जाऊन यावं. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. साडेपंधरा वर्षं, एका नावासाठी. तो कागद आम्ही रक्तानं ओळखतो. म्हणून बनावट कागद घरात लावणारा आपला माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. त्याच्याहून जास्त फिरतं ते त्याला तो कागद विकणाऱ्यावर.

म्हणून आमचं म्हणणं साफ आहे. कमावत्या संशोधकालाही फेलोशिप द्या. ठेक्यावरच्या कामगाराकडं मालकाची चिठ्ठी मागू नका. त्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र, नाहीतर युनियनचं पत्र चालवून घ्या. अभ्यासक्रमाचे वर्ग रविवारी आणि संध्याकाळी, जिल्ह्याच्या गावात घ्या. कुठल्या गाईडकडं किती जागा रिकाम्या आहेत ते भिंतीवर लावा, म्हणजे आडनाव ऐकून जागा भरल्याचं सांगता येणार नाही.

आणि आपल्या लोकांना : प्रत्येक वस्तीतल्या विहारात रात्री एक खोली उघडी ठेवा, दिवा आणि टेबल ठेवा. कुणी पैसे भरायला निघाला तर आधी चारचौघांत ती जाहिरात तपासा. मायच्या कर्जाचा पैसा असा जाऊ देऊ नका.

कागदाची मान्यता विद्यापीठ देईल. माणसाची मान्यता कुणी देत नाही, ती भांडून घ्यावी लागते. दोन्ही घ्यायच्या. एक रात्री बसून, दुसरी दिवसा रस्त्यावर.

जय भीम!