वरच्या मजल्यावरची रिकामी खोली



इंग्लंडमधल्या मराठी घरांत ‘सोशल सर्व्हिसेस’चा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो. मुलाने शाळेत ‘मम्मीने फटका दिला’ असं सहज सांगितलं तर काय होईल, ही धास्ती नव्याने आलेल्या बहुतेक पालकांना असते. २०२३ मध्ये ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ हा आईपासून मुलं हिरावली जाण्यावरचा चित्रपट आला, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. ती भीती मी हसण्यावारी नेणार नाही. हाताने भरवणं, मूल आईबापांच्या कुशीत झोपणं, यांचा भलताच अर्थ काढणारा अधिकारी कुठेही भेटू शकतो. पण या यंत्रणेची आपल्याला माहीत असलेली बाजू तेवढीच. घरातून नेलेलं मूल त्या रात्री कुणाच्या घरी झोपतं, हे आपल्या गप्पांत कधी येत नाही.

इंग्लंडमध्ये सध्या ८० हजारांहून जास्त मुलं स्थानिक कौन्सिलांच्या देखरेखीखाली आहेत. त्यांतली साधारण दोन-तृतीयांश फॉस्टर कुटुंबांत राहतात. अनाथ मुलं त्यांत थोडी. बहुतेकांचे आईवडील हयात आहेत, पण घर राहण्याजोगं उरलेलं नाही: दारू, ड्रग्ज, मारहाण, उपचाराविना वाढत गेलेला मानसिक आजार, कधी तुरुंगवास. अफगाणिस्तान, सुदान, एरिट्रियातून एकटीच इथवर पोहोचलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलंही याच घरांत येतात. १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टनुसार मूल दोन प्रमुख वाटांनी कौन्सिलकडे येतं. कधी पालक स्वतः संमती देतात, कधी कोर्ट केअर ऑर्डर काढतं. कोर्टाने २६ आठवड्यांत निकाल द्यावा असा कायदा आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा जास्त वेळ लागतो. तोवर मुलाला जेवण, शाळा, ताप आला तर कपाळावर हात, हे सगळं कुणीतरी द्यायचंच असतं.

आपल्याकडे याची दत्तकाशी गल्लत होते. फॉस्टरिंगमध्ये मूल तुमचं होत नाही. आईवडिलांचे हक्क पुसले जात नाहीत. ते सावरले तर मूल त्यांच्याकडे परत जातं, आणि ते परत जावं यासाठी तुम्हीही झटायचं असतं. कधी मुक्काम एका रात्रीचा, कधी काही महिन्यांचा, कधी मूल सज्ञान होईपर्यंतचा. २०१४ पासून दोन्ही बाजूंची इच्छा असेल तर मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच घरी राहता येतं.

आपल्या मराठी मंडळातलं एक जोडपं हे काम करतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. या अंकासाठी त्यांची मुलाखत घ्यावी, असं माझ्या मनात होतं. काकू सरळ नाही म्हणाल्या. घरातल्या मुलाचं नाव, वय, गाव, त्याच्या घरी काय झालं, यांतलं एक अक्षरही बाहेर जाता कामा नये. कामाविषयी मात्र भरभरून बोलल्या. रात्री अकराला फोन वाजतो, बाराला मूल दारात. कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत. पहिल्या रात्री प्रश्न विचारायचे नाहीत. न्हाणीघर दाखवायचं, दिवा चालू ठेवायचा, खायला काय आवडतं तेवढंच विचारायचं. एखादं मूल उशीखाली बिस्किटं लपवतं, कारण आधीच्या घरात पुढच्या जेवणाची खात्री नव्हती. त्यावर रागवायचं नाही. बिस्किटांचा डबा त्याच्या हाताला येईल असा ठेवायचा आणि थांबायचं. लपवणं संपायला काही महिने लागू शकतात.

आणि कागद! मुलाने काय खाल्लं, काय बोललं, आईला भेटून आल्यावर कसं वागलं, हे रोज लिहून ठेवावं लागतं. ती वही उद्या कोर्टासमोर जाऊ शकते. मुलाचा सोशल वर्कर वेगळा, तुमचा वेगळा. ठरावीक मुदतीने आढावा बैठक, शाळेचा स्वतंत्र आराखडा, आईवडिलांच्या भेटींचं वेळापत्रक. केस बारीक कापायचे तरी आधी विचारावं लागतं, सुट्टीत भारतात न्यायचं तर त्याहून बरंच काही. ‘पोरं सांभाळणं सोपं, ईमेल सांभाळणं कठीण,’ असं काका म्हणतात. भत्ता मिळतो, त्याच्या बहुतेक भागावर कर लागत नाही; पण पैशासाठी कुणी यात पडावं असं ते काम नाही. भत्ता मिळतो म्हणून ही सेवा नव्हे, असं नाक मुरडणाऱ्यांचंही मला पटत नाही. मुलाचे बूट, बसभाडं, पोहण्याची फी कुणीतरी भरायला हवीच.

फॉस्टर कुटुंबांची संख्या गेली काही वर्षं घटते आहे. केअरर वयस्क होऊन निवृत्त होतात, घरं महागली, जादा खोली कुणाकडे उरली नाही. मग भावंडांची ताटातूट होते, किंवा मुलाला शाळा-मित्र सोडून दूरच्या गावी पाठवावं लागतं. आणि इथे आपल्या मंडळाकडे बघा. आपल्यात पन्नाशी-साठीचे कितीतरी जण आहेत. मुलं युनिव्हर्सिटीत किंवा नोकरीत, घर चार खोल्यांचं, वरच्या मजल्यावरची एक खोली दिवाळीचे आकाशकंदील आणि व्यायामाची सायकल ठेवायला. निकष आपण समजतो तितके कडक नाहीत. घर स्वतःचं हवं असं नाही, लग्न झालेलं हवं असंही नाही. मुलाला स्वतंत्र खोली, इथे राहण्याचा पक्का हक्क, पोलीस पडताळणी, डॉक्टरचा दाखला, ओळखीच्या लोकांची शिफारस, थोडं प्रशिक्षण. मग मान्यता देणाऱ्या पॅनेलसमोर बसायचं. सगळं मिळून साधारण चार ते सहा महिने.

आपली अडखळण्याची कारणं वेगळीच असतात. एक म्हणजे खाणं. मूल सॉसेज मागेल, आपलं घर शाकाहारी. तेव्हा आपण काय चालवून घेऊ, हे आधीच कौन्सिलला स्पष्ट सांगावं, ते विचारतातच. दुसरं, ‘आपल्या मुलांना वाईट वळण लागेल’. याला गोड उत्तर नाही. काही मुलं ओरडतात, फोडतात, पळून जातात, आणि घरात लहान मूल असेल तर तो विचार करायलाच हवा. तिसरं कारण मला सर्वांत खरं वाटतं: लळा लागतो, मग परत कसं पाठवायचं? काकूंना विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘रडतो की आम्ही. पण ज्याच्या जाण्याने कुणीच रडत नाही, अशा घरी त्याने राहावं का?’

कुणाकुणाला वाटेल, मराठी मूल आलं तर ठेवू. तसं मनात धरून यात उतरू नये. तुमच्या दारी येणारं मूल बहुधा कुठल्या तरी दुसऱ्याच भाषेत रडत येईल. मात्र मुलाची भाषा, धर्म, वंश, संस्कृती यांचा विचार करूनच घर शोधा, असं कायदा कौन्सिलला सांगतो. यादीत भारतीय घरंच नसतील, तर गुजराती, तमिळ किंवा मराठी मुलाच्या बाबतीत तो नियम कागदावरच राहतो. आणि ‘आपल्यात असं होत नाही’ हे कृपया पुरे करू. होतं. बायकोचा पासपोर्ट कपाटात कुलूपबंद ठेवणारे नवरे मराठीही बोलतात.

परक्या मुलाला घरात घेण्याची आपली परंपरा मोठी, असंही भाषणांत म्हटलं जातं. वार लावून जेवणारे विद्यार्थी आठवतात. पण ते बहुधा जातीतल्या हुशार मुलग्यांपुरतंच होतं. खरं उदाहरण फुले पतिपत्नींचं. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, पुढे स्वतःचा म्हणून वाढवला. महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेला आज सावित्रीबाईंचं नाव आहे.

एक गोष्ट मात्र सर्वांनी लक्षात ठेवायची, फॉस्टरिंग करायचं नसलं तरी. गावाकडच्या नात्यातलं मूल ‘शिकायला’ आपल्याकडे ठेवून घेण्याची आपली सवय. मूल १६ वर्षांखालचं असेल आणि २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल, तर ते कुणाकडे राहतं हे कायदा बघतो. त्याच्या लेखी जवळचे नातलग म्हणजे आजी-आजोबा, भावंडं, सावत्र आईवडील आणि काका-मामा-आत्या-मावशी इतकेच. आईची चुलत बहीण आपल्याला मावशीच; कायद्याला नाही. तिच्याकडे मूल राहिलं तर ते खासगी फॉस्टरिंग ठरतं आणि कौन्सिलला शक्यतो सहा आठवडे आधी कळवावं लागतं. हा नुसता सरकारी जाच नव्हे. आयव्हरी कोस्टमधली व्हिक्टोरिया क्लिंबी अशीच, चांगल्या शिक्षणाच्या आशेने, नात्यातल्या बाईबरोबर लंडनला आली. फेब्रुवारी २००० मध्ये त्याच घरातल्या छळाने ती गेली, तेव्हा ती आठ वर्षांची होती. सोशल सर्व्हिसेस, पोलीस, रुग्णालयं, सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालानंतर २००४ चा चिल्ड्रन ॲक्ट आला.

मंडळ म्हणून एक काम तर लगेच करता येईल. गणेशोत्सवात आपले हौशी फोटोग्राफर आरतीपासून पंगतीपर्यंत सगळं टिपतात आणि रात्रीच्या आत फेसबुकवर चढवतात. फॉस्टर घरातल्या मुलाचा असा एक फोटो त्याचा पत्ता नको त्या माणसाला सांगू शकतो. म्हणून काका-काकू गेली काही वर्षं उत्सवाला आलटूनपालटून येतात, एक जण घरी थांबतो. यंदापासून पालकांना विचारल्याशिवाय कुठल्याही मुलाचा फोटो काढू नये किंवा छापू नये, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. या वार्तापत्रात तो आजपासूनच लागू.

आणि ज्यांची वरची खोली रिकामी आहे त्यांनी आपापल्या कौन्सिलच्या फॉस्टरिंग टीमला एक फोन करावा. चौकशी केली म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी मूल घेऊन दारात उभं राहत नाही. पूर्णवेळ जमणार नसेल तर महिन्यातून एखादा शनिवार-रविवार दुसऱ्या केअररला विश्रांती देण्याचीही सोय असते. त्यालाही रीतसर मान्यता लागते, तेव्हा आत्ताच विचारा.

– संपादक