वाचलेल्या धान्याचा अर्धा हिशेब

साक्षरतेच्या चळवळीने महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना एक गोष्ट आग्रहाने शिकवली : कागदावर अंगठा उठवू नका, सही करायला शिका. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द मराठीत आजही हिणवण्यासाठीच वापरला जातो. त्या शिकवणुकीला मान देऊन ज्यांनी चाळिशीत पाटी-पेन्सिल हाती घेतली, त्यांच्यावर उतारवयात पुन्हा अंगठा पुढे करण्याची पाळी आली आहे. फरक इतकाच की, पूर्वी शाईचा ठसा कारकुनाच्या नजरेला उतरला की काम होई. आता तो यंत्राला पटावा लागतो.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या एक बाई आहेत. उभा जन्म त्यांनी विड्या वळून संसार चालवला. वय साठीच्या पुढे, मुलगा कामासाठी परगावी, घरात एकट्या. विड्या वळून वळून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. एका महिन्यात रास्त भावाच्या दुकानात त्यांनी तीन हेलपाटे घातले. पहिल्या खेपेस यंत्राला ‘रेंज’ नव्हती, दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेस अंगठा जुळला नाही. दुकानदार त्यांना वीस वर्षे ओळखतो. तो म्हणाला, “मावशी, मी तुम्हाला ओळखतो हो, पण मशीन ओळखत नाही ना.” महिना संपला, त्या महिन्याचे पाच किलो धान्य गेले. दप्तरात उरले ते एवढेच की, त्या शिधापत्रिकेवर त्या महिन्यात उचल झाली नाही. बाई तीनदा आल्या होत्या, याची नोंद कोठेही नाही.

या न झालेल्या नोंदीविषयी हा लेख आहे.

गैरव्यवहार खराच होता

प्रथम दुसऱ्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. सार्वजनिक वितरण व्यवस्थेत गळती होती आणि ती किरकोळ नव्हती. सरकारच्या रुपयातले जेमतेम पंधरा पैसे गरिबापर्यंत पोहोचतात, अशी कबुली १९८५ साली खुद्द पंतप्रधान राजीव गांधी यांनी दिली होती. जून १९९७ पासून देशात ‘लक्ष्याधारित’ वितरण व्यवस्था आली आणि महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळ्या, केशरी व पांढऱ्या शिधापत्रिका सुरू झाल्या. त्यानंतर २००५ साली नियोजन आयोगाने या व्यवस्थेचे मूल्यमापन केले. केंद्राच्या साठ्यातून सवलतीने दिलेल्या धान्यापैकी सुमारे ५८ टक्के धान्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपर्यंत पोहोचतच नाही, असा निष्कर्ष त्यात निघाला. ही आकडेवारी वाचून ज्याला संताप येणार नाही, त्याला गरिबांविषयी आस्था आहे असे म्हणता येणार नाही.

अशा स्थितीत तंत्रज्ञानाकडे आशेने पाहिले जाणे स्वाभाविक होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले, तेव्हा ती आशा खोटी नव्हती. ज्याच्याजवळ कसलाच कागद नाही, त्याला ओळख मिळेल, असे तिचे स्वरूप होते. तिचे काही फळ पदरातही पडले आहे. २०१९ पासून ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना राबवली जाऊ लागल्यामुळे बीडहून ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे गेलेल्या कुटुंबाला तिकडच्या दुकानातून आपला शिधा घेण्याची सोय झाली. कागदी शिधापत्रिकेच्या काळात हे शक्य नव्हते. यंत्राला सरसकट शिव्या घालणे हा म्हणूनच माझा हेतू नाही.

दोन प्रकारच्या चुका

अर्थशास्त्राच्या वर्गात मी विद्यार्थ्यांना सांगतो की, निवड करणारी कोणतीही व्यवस्था दोन प्रकारच्या चुका करते. अपात्राला लाभ मिळतो, ही समावेशाची चूक. पात्राला नाकारले जाते, ही वगळण्याची चूक. या दोहोंचे नाते तराजूच्या पारड्यांसारखे आहे. चाळणी बारीक केली की खडे कमी येतात, पण थोडे धान्यही वर अडकते. बोटांच्या ठशांचे यंत्र या नियमाला अपवाद नाही. दोन ठसे ‘जुळले’ असे कधी म्हणायचे, याची एक मर्यादा त्यात ठरवलेली असते. ती कडक केली की खोटा माणूस आत शिरणे अवघड होते, आणि त्याच वेळी खरा माणूस बाहेर राहण्याचा संभव वाढतो.

शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. परीक्षेत उत्तीर्ण होण्याची योग्यता नसलेला विद्यार्थी कधी पास होतो, तर योग्यता असलेला कधी नापास. दुसऱ्या प्रकारची चूक अधिक गंभीर, हे आपण मान्य केले आहे. म्हणूनच उत्तरपत्रिकेची छायाप्रत, फेरतपासणी, पुनर्मूल्यांकन या सोयी आपण निर्माण केल्या. परीक्षकाच्या लेखणीवरही अपील असते. यंत्राच्या नकारावर मात्र ते नाही.

ही यंत्रणा एकच एक वस्तू नसून साखळी आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. वीज किंवा बॅटरी, दुकानातील यंत्र, दूरसंचाराचे जाळे, दूरवरचा मध्यवर्ती संगणक आणि अखेर माणसाचे बोट, या पाचही कड्या एकाच क्षणी शाबूत असाव्या लागतात. समजा, प्रत्येक कडी शंभरातून ९८ वेळा बिनचूक चालते. ९८ गुण मिळवणारा विद्यार्थी आपण हुशार समजतो. पण पाचही कड्या एकदम चालण्याचे प्रमाण शंभरात सुमारे ९० इतकेच भरते. उरलेले दहा हात हलवत घरी परततात. त्यांतले बरेच दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस धान्य मिळवतात, हे खरे. परंतु खेप म्हणजे बुडालेली मजुरी. आणि देशात सवलतीचे धान्य घेणारे सुमारे ८० कोटी लोक आहेत. त्यांपैकी केवळ एक टक्का कायमचे बाहेर राहिले तरी तो आकडा ८० लाखांवर जातो. टक्केवारीच्या भाषेत नगण्य ठरणारी गोष्ट माणसांच्या भाषेत नगण्य ठरत नाही.

झारखंडचा अनुभव

हे केवळ फळ्यावरचे गणित नव्हे. कार्तिक मुरलीधरन, पॉल नायहाऊस आणि संदीप सुखटणकर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी झारखंड राज्यात २०१६-१७ च्या सुमारास शिधावाटपातील आधार-पडताळणीचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास केला. नुसत्या पडताळणीने गळती कमी झाल्याचे त्यांना आढळले नाही. लाभार्थ्यांना धान्य मिळवण्यासाठी पडणारा खर्च आणि त्रास मात्र वाढला. ज्या कुटुंबांच्या शिधापत्रिका आधारला जोडल्या गेल्या नव्हत्या, त्यांना मिळणाऱ्या लाभात सुमारे दहा टक्के घट झाली. पुढच्या टप्प्यात यंत्रातील नोंदींच्या आधारे दुकानांच्या नियतनात कपात सुरू झाली. तेव्हा गळती खरोखर घटली, पण तिच्याबरोबर खऱ्या लाभार्थ्यांच्या हाती पडणारे धान्यही घटले. हा निष्कर्ष तंत्रज्ञानाच्या भक्तांना आणि विरोधकांना सारखाच गैरसोयीचा आहे. बचत झाली, आणि तिची काही किंमत गरिबाने मोजली.

याचे कारण गैरव्यवहाराच्या स्वरूपात आहे. खोट्या नावाने धान्य उचलणे हा त्याचा एक प्रकार. पण शिध्याच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही दुसरा प्रकार ठाऊक असतो : नोंद वीस किलोची आणि मापात अठरा किलो. हे दोन किलो अंगठ्याने पकडले जात नाहीत. उलट, वीस किलो मिळाल्याचा पुरावा म्हणून तोच अंगठा दप्तरी लागतो.

कायदा काय म्हणतो

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणशी दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा त्याने हक्क ठरवला. धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता द्यावा, जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी असावा, राज्यात अन्न आयोग असावा, सामाजिक अंकेक्षण व्हावे, अशा तरतुदी त्यात आहेत. २०१६ च्या आधार कायद्याच्या सातव्या कलमानेही आधार क्रमांक न मिळालेल्याला ओळखीचा पर्यायी मार्ग ठेवला. केवळ आधारअभावी कोणाला धान्य नाकारू नये, असे केंद्राने २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यांना लेखी कळवले. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सातवे कलम वैध ठरवले. त्या वेळी न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी भिन्नमतपत्रात इशारा दिला की, माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क संभाव्यतेच्या गणितावर सोपवता येणार नाहीत.

म्हणजे कागदोपत्री उणीव फारशी नाही. उणीव आहे ती सिद्धतेच्या ओझ्याची. विडी वळणाऱ्या बाईने तहसील कार्यालयात जाऊन आपण तीनदा दुकानात गेल्याचे सिद्ध करायचे कसे? यंत्राने नकार दिल्याची पावती तिच्या हाती नाही. तक्रारीला पुरावा नाही, पुराव्याअभावी तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणून सर्व काही आलबेल, असे हे वर्तुळ आहे.

याला राजकीय बाजूही आहे. अपात्राला लाभ मिळाला तर वृत्तपत्रात मथळा होतो, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो. पात्र वगळला गेला तर तो मुकाट्याने घरी जातो. रद्द केलेल्या शिधापत्रिकांचा आकडा मंत्री अभिमानाने सांगू शकतो. चुकून रद्द झालेल्यांचा आकडा कोणी मागतही नाही. त्यातच लाभार्थ्यांची कमाल संख्या अजून २०११ च्या जनगणनेला बांधलेली. ‘इष्टांक पूर्ण झाला आहे’ हे पुरवठा शाखेतले उत्तर ऐकलेल्या माणसाला ठाऊक असते की, कोणाचे तरी नाव निघाल्याशिवाय नवे नाव आत जात नाही. अशा व्यवस्थेत नाव काढण्याची घाई आणि नाव घालण्याची दिरंगाई दोन्ही ओघानेच येतात.

आपल्यासारख्या पगारदारांना याची एक छोटी चव नोव्हेंबर महिन्यात मिळते. निवृत्तिवेतनधारकाला तेव्हा हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो घरबसल्या देण्याची सोय झाली, ती चांगलीच झाली. पण ज्याचा ठसा जुळत नाही तो निवृत्त शिक्षक बँकेत जातो, व्यवस्थापकासमोर उभा राहतो, आणि सहीवर काम भागते. त्याला पर्याय आहे, कारण त्याला बोलता येते, अर्ज लिहिता येतो, आणि बँकेत त्याला बसायला खुर्ची मिळते. जो पर्याय आपण स्वतःसाठी गृहीत धरतो, तो त्या बाईंना हक्काने का मिळू नये?

काय करता येईल

उपाय खर्चिक नाहीत. पहिला, यंत्राचा प्रत्येक अयशस्वी प्रयत्न छापील पावतीच्या रूपाने ग्राहकाच्या हाती द्यावा. दुसरा, दोन प्रयत्न फसल्यावर नोंदवहीत सही घेऊन त्याच दिवशी धान्य द्यावे आणि चौकशी नंतर करावी; चुकून पाच किलो अधिक गेले तर सरकार बुडत नाही, पाच किलो कमी मिळाले तर चूल विझू शकते. तिसरा, कोणतीही शिधापत्रिका रद्द करण्यापूर्वी घरभेट आणि ग्रामसभेत किंवा प्रभागात यादीचे जाहीर वाचन बंधनकारक असावे. चौथा, नाकारल्या गेलेल्यांची दुकानवार संख्या दरमहा दुकानाच्या फळ्यावर लावावी.

आणि पाचवा, संगणकाचा जोर ग्राहकाच्या अंगठ्यावर लावण्याऐवजी गोदामापासून दुकानापर्यंतच्या मार्गावर लावावा. छत्तीसगडने २००४ नंतर दुकाने खासगी व्यापाऱ्यांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि बचतगट यांच्याकडे दिली, धान्य थेट दुकानापर्यंत पोहोचवले, वाहतुकीवर लक्ष ठेवले आणि व्यवस्था पुष्कळ सुधारली. त्या सुधारणेची सुरुवात आधार येण्याच्या आधीची आहे. तंत्रज्ञानाने बलवानावर पाळत ठेवावी की दुर्बलावर, ही निवड यंत्र करीत नाही, शासन करते.

शासनाला जमाखर्चाच्या वहीत एकच रकाना भरण्याची सवय लागली आहे. तो रकाना भरू नये असे माझे म्हणणे नाही. शेजारचा रकानाही भरावा, एवढेच मागणे आहे. यापुढे इतक्या लाख बोगस शिधापत्रिका रद्द केल्याची घोषणा वाचनात येईल, तेव्हा शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनी आपल्या लोकप्रतिनिधीला एक प्रश्न जरूर विचारावा : यांपैकी किती घरांची कडी कोणी वाजवून पाहिली होती?