दातांवरचे नवे कवच : घ्यावे की न घ्यावे?



आपले हसू लपवावे लागणे ही व्यथा दिसायला लहान, पण ती रोजची असते. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात बोलताना ओठ आवळून धरणारी, हसू आले की तोंडापुढे पदर किंवा हात नेणारी तरुण मुले-मुली पुष्कळ आढळतात. कोणाच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग असतात, कोणाचा दात लहानपणी पडून तुटलेला असतो, तर कोणाचे दात खर्ऱ्याने काळवंडलेले असतात. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली म्हणजे घरात हा विषय निघतोच. अलीकडे त्याबरोबर एक नवा शब्दही कानी पडू लागला आहे : व्हिनिअर. संत्र्याच्या बागेचे पैसे हाती येतील तेव्हा त्यांतून मुलीचे सहा-आठ दात करून घ्यावे काय, असे आई-वडील विचारतात. याला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर नाही. मात्र विचार कोणत्या क्रमाने करावा, हे सांगता येण्यासारखे आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. सुतार साध्या लाकडावर सागवानाचा पातळ पापुद्रा चिकटवितो, त्यास व्हिनिअर म्हणतात. दातांच्या डॉक्टरांनी हा शब्द तेथूनच घेतला. दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटविलेले पातळ कवच म्हणजे व्हिनिअर. ते दोन प्रकारचे असते. पोर्सेलीनचे कवच मापाप्रमाणे बाहेर घडवून आणतात व मग बसवितात. त्याची जाडी साधारणतः अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. कॉम्पोझिटचे कवच म्हणजे दाताच्या रंगाचा मऊ लेप. तो दातावरच आकार देऊन निळ्या प्रकाशाने कठीण करतात.

याचा इतिहासही बोधप्रद आहे. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातील चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने चित्रपटांतील नटनट्यांसाठी अशी कवचे बनविली. ती केवळ कॅमेऱ्यापुरती असत. काम संपले की काढून ठेवावी लागत. पुढे १९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवून दिले की, दाताच्या पृष्ठभागावर आम्ल क्षणभर लावले असता तो सूक्ष्म खडबडीत होतो आणि त्यावर लेप घट्ट धरतो. १९८० नंतरच्या काही वर्षांत पोर्सेलीनही असेच पक्के चिकटविता येऊ लागले. अशा रीतीने जी वस्तू संध्याकाळी काढून ठेवण्यासाठी जन्मली, ती आता कायमची दाताला जडू लागली. नटाला आपला मूळ दात रोज परत मिळत असे. आपल्याला तो मिळेलच असे नाही.

कारण असे की, कवच नीट बसावे म्हणून बहुधा दाताचे वरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, थोडे घासून काढावे लागते. नख कापले तर पुन्हा वाढते, इनॅमल वाढत नाही. एकदा ते घासले की त्या दातावर जन्मभर काहीतरी आवरण ठेवणे भाग पडते. कॉम्पोझिटच्या लेपासाठी पुष्कळदा फारच थोडे, कधी कधी मुळीच घासावे लागत नाही. हा त्याचा मोठा गुण होय.

आता पहिला प्रश्न : डाग कशाचा आहे? हे न ठरविता कवचाची गोष्टच काढू नये.

खर्रा, तंबाखू, गुडाखू यांचे डाग व दातांवर साचलेले कीटण हे वरवरचे असते. ते दातांच्या डॉक्टरकडून साफ करून घेतले की पुष्कळांचे दात पुन्हा पाहण्याजोगे होतात. ज्याचा खर्रा सुटलेला नाही, त्याने तर कवचाचा विचारही करू नये. कवचाच्या कडा काळ्या पडतील आणि पैसा व्यर्थ जाईल. शिवाय अशा माणसाने रंगाच्या आधी तोंड किती उघडते ते पाहावे. सुपारीने गालांची आतील त्वचा ताठ होत जाते, तोंड पुरते उघडेनासे होते, तिखट सोसत नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसू लागतो. या खुणांतून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. अशी खूण असेल तर सौंदर्याचा विषय बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

एकच दात काळा-करडा पडला असेल, तर जुन्या माराने त्याची नस मेलेली असणे शक्य आहे. तेथे आधी आतला उपचार, मग बाहेरचा रंग.

तिसरा प्रकार फ्लोराइडच्या डागांचा. दात हिरडीखाली घडत असताना, म्हणजे साधारणतः आठ वर्षांपर्यंतच्या वयात, पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड फार असले, तर पक्क्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग उमटतात. सामान्यतः दोन्ही बाजूंच्या दातांवर ते सारखेच दिसतात, व घासून जात नाहीत. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही फ्लोराइडची कमाल मर्यादा मानली जाते. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा होण्यापूर्वी आपले दोन्ही तालुके ज्या छिंदवाडा जिल्ह्यात होते, तो भूजलात जास्त फ्लोराइड आढळलेल्या मध्य प्रदेशातील जिल्ह्यांपैकी एक आहे. विदर्भातील यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतही हा दोष आहे. याचा अर्थ प्रत्येक बोअर वाईट असा नव्हे. शेजारच्या दोन बोअरचे पाणीही निराळे निघू शकते. म्हणूनच तपासणी हवी.

दुसरा प्रश्न : तोंड निरोगी आहे काय? वाळवी लागलेल्या लाकडावर शहाणा सुतार पापुद्रा चढवीत नाही. कीड असेल तर ती आधी भरावी; हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी त्यांवर उपचार करावेत. राखेने, कोळशाने किंवा विटेच्या भुकटीने वर्षानुवर्षे दात घासून ज्यांचे इनॅमलच झिजले आहे, त्यांच्या दातांवर कवच नीट धरत नाही. जे झोपेत करकर दात खातात, त्यांचे कवच तडकते. आणि मूल वाढीला लागलेले असताना, साधारणतः अठराच्या आत, पोर्सेलीनचे कवच बसविण्याची घाई करू नये. त्या वयात दाताची नस मोठी असते आणि हिरडीची कडही अजून सरकत असते.

तिसरा प्रश्न : लहान उपायाने भागेल काय? उथळ तपकिरी डाग डॉक्टरला विशिष्ट मलमाने हलके घासून पुष्कळसे फिके करता येतात. पिवळेपणा औषधाने उजळविता येतो. तुटलेला कोपरा कॉम्पोझिटने त्याच बैठकीत भरता येतो. वाकडे दात तारेने सरळ होतात. वेळ लागतो, पण दात शाबूत राहतात. हे सर्व करून पाहिल्यावरही डाग खोल आणि ठळक उरले, तर मात्र व्हिनिअर हा योग्य उपाय ठरू शकतो, आणि तो करून घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

चौथा प्रश्न पैशाचा. खर्च दातागणिक होतो. पोर्सेलीनच्या एका दातालाच कित्येक हजार रुपये पडतात. आणि हा खर्च एकदाच होऊन संपत नाही. चांगले पोर्सेलीन बहुधा दहा ते पंधरा वर्षे टिकते. कॉम्पोझिट त्याहून कमी, पण ते स्वस्त असते व जागच्या जागी दुरुस्तही होते. विसाव्या वर्षी कवच बसविणाऱ्या मुलीला आयुष्यात ते तीन-चार वेळा बदलावे लागेल. लग्नाच्या एका दिवसाकरिता कर्ज काढणाऱ्या बापाने हा पुढचा हिशेबही मांडावा. शिवाय दाताने ऊस सोलणे, सुपारी फोडणे, बाटलीचे झाकण उघडणे हे कायमचे सोडावे लागते.

काम कोणाकडे करावे? बाजारात टेबल मांडून दात बसविणाऱ्याकडे मुळीच नाही. नोंदणी असलेल्या दंतवैद्याकडेच जावे. नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. निदान तेथे एकदा तपासून घेतल्यास दुसरे मतही मिळते. डॉक्टरांना निःसंकोच विचारावे : माझा दात किती घासाल? न घासता काही होईल काय? कवच निघाले किंवा तडकले तर काय कराल, आणि त्याचा खर्च कोण करील? सांगितलेला रंग व आकार आधी नमुन्यावर दाखवाल काय? ज्याला हे प्रश्न आवडत नाहीत, त्याच्याकडून उठून यावे.

शेवटचा प्रश्न घरातच विचारावयाचा आहे : ही इच्छा कोणाची? मुलगी स्वतः वर्षानुवर्षे संकोचाने वागत असेल आणि सर्व समजून घेऊन तिला हे हवे असेल, तर तिला नटवेपणाचा दोष देऊ नये. परंतु पाहुण्यांपैकी कोणी नाक मुरडले म्हणून तिचे निरोगी दात घासून घेणे हा तिच्यावर अन्याय होय. डाग पाण्याने दिले, तिने नव्हे. हे पाहुण्यांना सरळ सांगण्याचे धैर्य वडिलांनी दाखवावे. दात तिचे आहेत, तेव्हा शेवटचा शब्दही तिचाच असावा.

आणि ज्या घरी मोठ्या मुलीच्या दातांवर असे डाग आहेत, त्या घरी धाकटे मूल असेल, तर त्याच बोअरचे पाणी त्याच्याही पेल्यात जात आहे हे विसरू नका. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. दोष निघाला तर पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दुसऱ्या स्रोताचे पाणी आणा. थोरलीच्या दातांचा निर्णय सावकाश झाला तरी चालेल. धाकट्याचे पक्के दात मात्र आजच हिरडीखाली घडत आहेत.