सिझनचा हिशेब



या अंकाचं संपादकीय बास्केटबॉलवर आहे. काहीजण नाक मुरडतील. गोदीत हमाली करणारा, कविता लिहिणारा, दहावी पास माणूस. ह्याला बास्केटबॉल कशाला पाहिजे? पाहिजे. पवईच्या टेकडीवरच्या आमच्या वस्तीतला एक पोरगा उपनगरातल्या एका कॉलेजच्या टीममध्ये खेळतो. कॉलेजचं नाव घेत नाही, पोराचंही नाही. गेल्या सिझनला त्या टीमची मुंबईतली एकही मॅच मी सोडली नाही. पाळी सुटली की डॉकयार्ड रोडला हार्बर पकडायची, कपड्यांवर लोखंडाचा गंज तसाच, आणि कोर्टाच्या कडेला उभं राहून घसा फाडून ओरडायचं. म्हणून चार शब्द बोलायचा आपला हक्क आहे.

टीम सेमीफायनलला हरली. माझं मत विचाराल तर फ्री थ्रोवर हरली. फ्री थ्रो म्हंजे काय? समोर कोणी हात आडवा घालत नाही. पंधरा फुटांवरून शांतपणे बॉल टाकायचा, पडला की एक पॉइंट. आमच्या पोरांनी निम्मे वाया घालवले. पळण्यात, उडीत ती कोणाला ऐकत नाहीत. पण फ्री थ्रो हाताला बसतो तो रोजच्या सरावानं. टीमचा सराव सकाळी सहाला, आणि पाचातले दोघं त्याच वेळेला घरोघर दूध-पार्सलं टाकत हिंडतात. आता दोष कोणाचा? माझ्या बाजूला उभा असलेला एक पांढरपेशा गृहस्थ मात्र मला समजावून सांगत होता, "ह्या पोरांच्यात ताकद आहे हो, पण डोकं शांत नाही."

साला, हे वाक्य फार जुनं आहे. अमेरिकेत काळ्या खेळाडूंबद्दल हेच बोललं जायचं. ते उड्या मारतील, पण टीमला अक्कल द्यायला एखादा गोरा पाहिजेच. एका वेळेला किती काळे कोर्टावर उतरवायचे याचा कागदावर नसलेला नियम होता. तो नियम टेक्ससमधल्या एल पासो गावच्या एका कॉलेजनं मोडला. टेक्सस वेस्टर्न. तिचा 1965-66 चा सिझन प्रत्येक पोरानं माहीत करून घ्यावा असा आहे.

सलग 23 मॅच जिंकल्या, चोविसावी सिअ‍ॅटलशी दोन पॉइंटांनी हरले. मग राष्ट्रीय स्पर्धा. कॅन्ससशी जादा वेळ, त्यावर पुन्हा जादा वेळ, आणि 81-80. असं करत 19 मार्च 1966 ला फायनल. समोर केंटकी. सगळी टीम गोरी. कोच अ‍ॅडॉल्फ रप, ज्यानं त्याआधी चार वेळा ही स्पर्धा जिंकलेली. टेक्सस वेस्टर्नचा कोच डॉन हॅस्किन्स गोराच होता. त्यानं पाच काळे खेळाडू उतरवले आणि त्या रात्री सातही काळ्यांनाच खेळवलं. बॉबी जो हिल, लॅटिन, फ्लोरनॉय, आर्टिस, वॉर्स्ली, शेड, केजर. 72-65 नं जिंकले.

लोकांना त्या मॅचमधला लॅटिनचा डंक आठवतो. हिलनं लागोपाठ दोनदा केंटकीवाल्यांच्या हातातून बॉल काढून नेला तेही आठवतं. मी आकडे बघितले. बास्केट केंटकीच्या जास्त, 27 विरुद्ध 22. मग जिंकले कसे? फ्री थ्रो. 34 पैकी 28 टाकले. म्हंजे जिथं डोकं शांत लागतं, हात थरथरून चालत नाही, नेमक्या तिथंच त्यांनी मॅच मारली. गोदीत गोणींची थप्पी लावताना एकानं हात सोडला की माल सगळ्यांच्या अंगावर येतो. ती पोरं तशी खेळली, एकमेकाला धरून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली, जिचं नाव 1972 मध्ये मुंबईत आपल्या आधीच्या पिढीनं उचललं.

पण पुढचं ऐका. जिंकलेल्या टीमनं रिंगची जाळी कापून न्यायची तिथं रीत आहे. सांगतात, त्या रात्री शिडीच कोणी आणली नाही. शेडनं वॉर्स्लीला खांद्यावर घेतलं, तेव्हा जाळी कापली. कोचला शिव्यांची पत्रं आली. 1968 मध्ये जॅक ओल्सन या पत्रकारानं 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'मध्ये काळ्या खेळाडूंवर लेखमाला लिहिली. त्यात एल पासोच्या खेळाडूंच्या तक्रारी बाहेर आल्या. खेळवून घेतात, शिकवायचं मात्र कोणाच्या मनात नाही. चाळीस वर्षांनी, 2006 मध्ये, त्यांच्यावर सिनेमा निघाला. 2007 मध्ये अख्ख्या टीमला हॉल ऑफ फेममध्ये बसवलं. हार घालायला जगाला वेळ मिळतो, पण चाळीस वर्षांनी.

आता आमच्या पोराकडे या. टीम सेमीफायनलला गेली म्हणून कॉलेजच्या बोर्डावर फोटो लागला. त्याच बोर्डावर हजेरी कमी पडलेल्यांची यादी. दोन्हीकडे त्याचं नाव. मॅचसाठी पाठवलं कॉलेजनं, गैरहजर लावलं कॉलेजनं. परवा मला विचारत होता, "दादा, गोदीत काय काम आहे का?" मी त्याला उत्तर दिलं नाही. मला उत्तर सुचलंच नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. खेळाच्या कोट्यातून घेतलेली किती पोरं शेवटच्या वर्षाला पोचली आणि किती मध्येच गळाली, हा आकडा कॉलेजांनी कपाच्या शेजारी लावावा. मॅचचा दिवस हजेरीत धरावा. कामाला जाणाऱ्यांसाठी सराव संध्याकाळी ठेवावा.

आणि काही आपणही करायचं आहे. मुंबईला बास्केटबॉल शिकवला तो नागपाड्यानं. गल्लीच्या तोंडाशी नेबरहूड हाऊस, पलीकडे मस्तान वायएमसीए. घराजवळ कोर्ट होतं म्हणून त्या दाटीतून अब्बास मुंतसीर भारताचा कप्तान झाला, 1970 मध्ये अर्जुन पुरस्कार घेऊन आला. पवईत रिंगा कमी नाहीत, पण त्या टॉवरच्या गेटच्या आत आहेत. आपली आपण उभी करू. गोदीतल्या दोस्तांनी लोखंडी कडं वाकवून दिलंय. खांब वस्तीतून निघेल.

येत्या रविवारी सकाळी सातला या. आधी प्रत्येकी पन्नास फ्री थ्रो. मग तिथंच बसून अभ्यास. वह्या आणायला विसरू नका, आणि त्या पोराला हाताला धरून घेऊन या.