विश्लेषण : कारखान्यात ‘पास’ झालेली सिरपची बाटली वाटेत का गळते?

नांदगाव पेठच्या टोलनाक्यावरून अमरावती-अकोल्याकडे जाणाऱ्या मालात औषधांचे खोकेही असतात. ‘30 अंश सेल्सिअसखाली ठेवा’ असे अनेक सिरपच्या लेबलवर छापलेले असते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. 2024 मध्ये तर उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात कलम 144 लागू करावे लागले होते. उन्हात उभ्या ट्रकच्या बंद हौद्यात त्याहूनही जास्त तापते.

चाचणी कशी होते?

कारखान्यात बॅचमधल्या काही बाटल्या निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून भांड्यातली हवा पंपाने खेचून घेतात. हवा परत सोडल्यावर बाटलीत निळा रंग उतरला, की झाकण गळके. झाकण किती घट्ट बसले, हे टॉर्क मीटरवर पाहतात. भरलेला खोका कंपन टेबलावर हलवणे, ठरलेल्या उंचीवरून कोपऱ्यावर आपटणे या वाहतुकीच्या चाचण्या वेगळ्या. त्यासाठी ‘आयएस 7028’ हे भारतीय मानक आहे. मात्र त्या सहसा पॅकिंगचा नमुना ठरवताना होतात, प्रत्येक खेपेला नाही.

मग अडते कुठे?

25 अंशांना बंद केलेली बाटली 55 अंशांपर्यंत तापली, तर आतल्या हवेचा दाब सुमारे 10 टक्के वाढतो. द्रवही फुगतो, त्यामुळे प्रत्यक्षात ताण आणखी वाढतो. त्यात झाकणातले अस्तर मऊ पडते आणि धक्क्यांनी आटे सैल होतात. अमरावती-अकोला महामार्गाच्या 75 किलोमीटर डांबरीकरणाचा 2022 मध्ये विक्रम झाला. धक्के कमी झाले असतील, ऊन तेवढेच आहे.

गळती म्हणजे फक्त चिकट खोका नव्हे. सैल झाकणातून पाणी उडाले तर औषध दाट होते आणि चमच्यातला डोस बदलतो. जंतूही त्याच वाटेने शिरतात. 2025 मध्ये छिंदवाड्यातील बालमृत्यूंनंतर ‘कोल्ड्रिफ’मध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले, तेव्हापासून सिरपच्या आत काय आहे यावर बरीच चर्चा झाली. बाटली दुकानापर्यंत कोणत्या तापमानात आली, हा प्रश्न त्यात मागेच राहिला. लसींच्या शीतसाखळीत तापमानाची नोंद ठेवली जाते. साध्या सिरपच्या खोक्यासोबत सहसा तापमापक नसतो.

ग्राहकाने काय पाहावे?

झाकणाची कडी तुटलेली, मान चिकट किंवा द्रवाची पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा कमी दिसली, तर ती बाटली घेऊ नये. घरी आल्यावर लक्षात आले, तर औषध मुलाला न देता बिल आणि बॅच क्रमांकासह अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. बाटली धुऊन ठेवू नये, तोच पुरावा असतो.