लाईन आली, पण प्रिंट येईना!

ओएसआय मॉडेलचे सात थर आपल्यापैकी कुणालाही झोपेतून उठवून विचारा, धडाधड म्हणून दाखवेल. पण हॉस्टेलच्या ऑफिसातला प्रिंटर 'ऑफलाईन' दाखवायला लागला की आपण काय करतो? मशीन रिस्टार्ट. नाही जमलं तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. तेही नाही जमलं तर हुकमी उपाय, 'फॉरमॅट मारून टाक ना बावा!' माझं स्पष्ट मत आहे, हे इंजिनीअरिंग नव्हे, हे अंगारे-धुपारे झाले.

आपल्या अमरावती-अकोल्यातलं कुठलंही छोटं ऑफिस घ्या. दालमिलचं असो, कर सल्लागाराचं असो, की तहसीलसमोरचं सेवा केंद्र. हिशेबाचं जुनं मशीन विंडोज ७ वर, नवा लॅपटॉप विंडोज ११ वर, कुणीतरी हौसेनं उबुंटू टाकलेलं तिसरं मशीन, आणि सगळ्यांत मिळून प्रिंटर एकच. तो अडला की सातबारासाठी खेड्यावरून आलेला माणूस खोळंबतो. त्याची एसटी आणि त्या दिवसाची मजुरी, दोन्ही जातात. म्हणून हा विषय वाटतो तेवढा क्षुल्लक नाही.

खरं तर प्रिंटचा रस्ता सरळ आहे. प्रोग्राममधून स्पूलरकडे, तिथून ड्रायव्हर, मग पोर्ट, मग वायर किंवा वायफाय, आणि शेवटी प्रिंटर. शोध उलट्या टोकापासून घ्यायचा. आधी प्रिंटरचं स्वतःचं टेस्ट पेज काढा. ते निघालं म्हणजे टोनर-रोलर ठीक. मग तो यूएसबीनं ज्या मशीनला जोडलाय तिथून एक पान काढा. तेही निघालं तर दोष पुढच्या रस्त्यात आहे, प्रिंटरला उगाच थापट्या मारू नका! रांगेत एखादं पान अडकलं असेल तर स्पूलर सर्व्हिस थांबवा, स्पूलचं फोल्डर रिकामं करा, सर्व्हिस पुन्हा चालू करा.

नेटवर्कचा प्रिंटर असेल तर त्याचा पत्ता पिंग करा. इथेच आपल्याकडची खरी गोम आहे. लाईन जाते, येते, राऊटर नव्यानं उठतो आणि डीएचसीपीनं प्रिंटरला वेगळाच पत्ता देऊन मोकळा होतो. काल १९२.१६८.१.५ वर असलेला प्रिंटर आज १९२.१६८.१.९ वर, आणि आपलं मशीन जुन्याच दारावर थापा मारून राह्यलं! उपाय दोन मिनिटांचा. राऊटरमध्ये त्या प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवा.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्याकडे घरोघरी दिसणारे एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे स्वस्त आणि टिकाऊ, पण त्यांना पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल कळत नाही. पानाचा सगळा स्वयंपाक कॉम्प्युटरवर होतो, प्रिंटर फक्त वाढतो. १०२० तर बंद झाला की स्वतःचं फर्मवेअरसुद्धा विसरतो. दर वेळी कॉम्प्युटरनं ते पुन्हा पाठवावं लागतं. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो, उबुंटूवर त्याची सोय वेगळी करावी लागते. मग लोक म्हणतात, 'लिनक्सवर प्रिंटरच चालत नाही.' नाचता येईना, अंगण वाकडं! नवा प्रिंटर घेताना हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील, पण नेटवर्क पोर्ट आणि आयपीपीची सोय पाहूनच घ्या. मग विंडोज, लिनक्स, मोबाईल, सगळ्यांशी तो एकाच भाषेत बोलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमधलं 'प्रिंटनाईटमेअर' नावाचं मोठं भोक उघड झालं. त्यातून बाहेरच्या माणसाला मशीनचा पूर्ण ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टनं पाठोपाठ नियम कडक केले, आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर कितीतरी ऑफिसांत शेअर केलेले प्रिंटर बंद पडले. एरर यायचा, शेवटी ११बी असलेला. कारण साधं होतं. शेअर करणारं मशीन अपडेट झालेलं, मागणारं जुनंच. विंडोज ७ चा आधार तर जानेवारी २०२० मध्येच संपला होता. पण आपल्या हुशार पोरांनी काय केलं? अपडेट काढून टाकलं, नाहीतर रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करून कुलूपच उघडं ठेवलं. पान निघालं, चहा मिळाला, शाबासकीही मिळाली. पण त्याच मशीनवर लोकांचे आधार आणि पॅन नंबर आहेत, त्याचं काय? दोन्ही मशीन अपडेट करणं, किंवा शेअरिंग सोडून प्रिंटरला थेट त्याच्या पत्त्यावर जोडणं, हा खरा रस्ता. थोडा वेळ लागतो, एवढंच.

आणि दुरुस्ती झाली की ज्ञान खिशात घालून निघून जाऊ नका. प्रिंटरवर एक कागद चिकटवा. मॉडेल, पत्ता, कोणत्या मशीनला जोडलाय, कोणता ड्रायव्हर, काय बिघडलं आणि कशानं सुधारलं. ऑफिसातल्या काकांना पुढच्या वेळी 'तो कॉम्प्युटरवाला पोरगा कुठाय?' म्हणून हॉस्टेलभर शोधावं लागू नये.

आपल्या सर-मॅडमना एक विनंती. नेटवर्कच्या प्रॅक्टिकलमध्ये एक तास तीन वेगळ्या सिस्टिम आणि एक मुद्दाम बिघडवलेला प्रिंटर समोर ठेवा. सात थर तेव्हा खरे समजतील, आणि परीक्षेनंतरही लक्षात राहतील.