प्रामाणिक खोटारडा

जेम्स रँडी गेला २० ऑक्टोबर २०२० ला, वयाच्या ९२ व्या वर्षी. कोविडचं वर्ष होतं, रोज कुणाच्या ना कुणाच्या जाण्याची बातमी यायची. त्यात एका म्हाताऱ्या जादूगाराची बातमी बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली असणार. मी त्याला कधी भेटलो नाही. तरी 'तुझा गुरू कोण' असं कुणी विचारलं तर कॉलेजातल्या दोन-तीन सरांनंतर मी त्याचंच नाव घेतो. एकलव्याची परंपरा आपल्याकडे आहेच, आणि इथे अंगठा मागायलाही कुणी नाही :) एकेरी उल्लेखाबद्दल रागावू नका. आईला आणि देवाला आपण एकेरीतच हाक मारतो. (देवाशी तुलना रँडीला अजिबात आवडली नसती, ते सोडा.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. जन्म टोरांटोचा, १९२८ चा. स्टेजवरचं नाव 'द अमेझिंग रँडी'. हुदिनीच्या वाटेवरचा माणूस, म्हणजे बेड्या, साखळ्या, कुलूपबंद पेट्या यांतून सुटून दाखवणारा. १९५६ मध्ये तो सीलबंद शवपेटीत पाण्याखाली १०४ मिनिटं राहिला आणि हुदिनीचा विक्रम मोडला. एवढ्यावर थांबला असता तरी जादूगार म्हणून नाव राहिलं असतं. पण तो स्वतःला 'प्रामाणिक खोटारडा' म्हणायचा, आणि त्याचं पुढचं सगळं काम याच दोन शब्दांत आहे. जादूगार आधी सांगतो की मी तुम्हाला फसवणार आहे, त्याचं तिकीट लावतो, आणि मग खरंच फसवतो. तीच हातचलाखी करून 'ही माझी दैवी शक्ती' असं म्हणणारा निघाला, की रँडीचं डोकं फिरायचं.

पीटर पॉपॉफ नावाचा धर्मोपदेशक अमेरिकेत भरगच्च सभांमध्ये अनोळखी आजारी माणसांना नावाने हाक मारायचा, त्यांचा पत्ता सांगायचा, आजार सांगायचा. हे सगळं देव मला सांगतो, असा दावा. लोक इतके भारावून जायचे की त्याच्या सांगण्यावरून स्वतःची औषधं स्टेजवर फेकून द्यायचे. १९८६ मध्ये रँडीची माणसं रेडिओ स्कॅनर घेऊन सभेत गेली. देवाची फ्रिक्वेन्सी निघाली ३९.१७ मेगाहर्ट्झ आणि आवाज निघाला पॉपॉफच्या बायकोचा! सभेआधी लोकांकडून भरून घेतलेल्या कार्डांवरची माहिती ती वाचून दाखवत होती आणि नवऱ्याच्या कानात बारीकसा रिसीव्हर होता. रँडीने हे रेकॉर्डिंग जॉनी कार्सनच्या 'टुनाईट शो'मध्ये सगळ्या देशाला ऐकवलं. १९८७ मध्ये पॉपॉफने दिवाळखोरी जाहीर केली. काही वर्षांनी तो परत टीव्हीवर आला आणि त्याला माणसंही परत मिळाली. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आता हे वाचून आपल्यासारख्या शिकल्या-सवरल्या माणसाला वाटतं, ती भोळी माणसं होती, आपण काही त्यातले नाही. रँडीचा माझ्या मते सगळ्यात मोठा धडा नेमका इथे आहे. १९७९ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अतींद्रिय शक्तींच्या संशोधनासाठी एक प्रयोगशाळा निघाली. देणगी पाच लाख डॉलर, प्रमुख एक भौतिकशास्त्रज्ञ. रँडीने त्यांना आधीच पत्र लिहून कोणकोणती काळजी घ्यायची याची यादी पाठवली. आणि मग 'विलक्षण शक्ती असलेली' म्हणून दोन पोरं तिथे दाखल झाली, स्टीव्ह शॉ आणि मायकल एडवर्ड्स. वय अठराच्या आसपास. दोघंही हौशी जादूगार, दोघंही रँडीशी संधान बांधून आलेले. चमचे वाकवायच्या प्रयोगात प्रत्येक चमच्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असायची. पोरांनी चमचा वाकवलाच नाही, चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. आधीचं माप आणि नंतरचं माप वेगळं आलं, झाला चमत्कार. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की रेकॉर्डला नीट जोडलेलीच नव्हती आणि सगळी सिस्टीम तिच्यावर विसंबून होती. रँडीने पोरांना एक नियम घालून दिला होता: 'तुम्ही हातचलाखी करताय का' असं कुणी सरळ विचारलं, तर त्या क्षणी हो म्हणायचं आणि माझं नाव सांगायचं. हा खेळ वर्षानुवर्षं चालला, १९८३ मध्ये रँडीने पत्रकार परिषदेत सगळं उघड केलं. तोपर्यंत तो सरळ प्रश्न कुणी विचारलाच नव्हता!

शास्त्रज्ञांशी असं खोटं वागणं योग्य होतं का, यावर तेव्हा वाद झाला आणि तो मला रास्त वाटतो. तरुण पोरांना इतका काळ खोटं जगायला लावणं ही काही साधी गोष्ट नाही. पण ते शास्त्रज्ञ मठ्ठ नव्हते, हेही तितकंच खरं. त्यांचं सगळं प्रशिक्षण निसर्गाकडून उत्तरं काढायचं, आणि निसर्ग चिठ्ठ्या बदलत नाही. माणूस बदलतो. आम्ही प्रोग्रामर लोक शिकतो की युजर चुकेल. युजर मुद्दाम फसवेल हे शिकायला पहिला हल्ला व्हावा लागतो. त्यासाठी टीममध्ये फसवणुकीची कला येणारा एक तरी माणूस हवा.

आणि फसवायला समोर दुसरा माणूस लागतोच असंही नाही. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या जाक बेनव्हेनिस्त यांच्या प्रयोगशाळेने 'पाण्याला स्मृती असते' असं वाटायला लावणारे निष्कर्ष 'नेचर'मध्ये छापले. मग संपादक जॉन मॅडॉक्स, वॉल्टर स्ट्युअर्ट आणि चक्क जादूगार रँडी अशी समिती तपासणीला गेली. कुठल्या नळीत काय आहे याची सांकेतिक यादी पाकिटात घालून छताला चिकटवून ठेवली. नळीत काय आहे हे मोजणाऱ्यालाही माहीत नसल्यावर तो परिणाम नाहीसा झाला. ही माणसं जगाला फसवायला बसली नव्हती. आपल्याला हवं तेच आकडे सांगतायत, असं त्यांना मनापासून दिसत होतं.

तर सांगायचा मुद्दा असा, की फसणं म्हणजे मूर्खपणा नव्हे. धड चालणारं डोकंच फसतं. अर्धवट दिसलेलं पुरं करायचं, समोरच्यावर विश्वास टाकायचा, हे डोक्याचं रोजचं काम आहे आणि जादूगार त्याच कामावर पोट भरतो. 'मी फसणार नाही' असं ज्याला वाटतं तो तर त्याचा सगळ्यात लाडका प्रेक्षक.

आपल्याकडे ही परंपरा वेगळ्या वाटेने आली. श्रीलंकेत अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये एक लाख रुपयांचं आव्हान दिलं, त्यांच्यापासून बी. प्रेमानंद यांनी स्फूर्ती घेतली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जिभेवर जळता कापूर ठेवायचे, नारळातून काहीबाही काढायचे, आणि मग त्यामागची युक्ती समजावून सांगायचे. आधी थक्क करायचं, नंतर उलगडून दाखवायचं. पद्धत तीच, फक्त झगमगाट नाही. रँडी ९२ वर्षांचा होऊन गेला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. हे काम करण्याची किंमत सगळीकडे सारखी नाही.

आता पॉपॉफच्या परत येण्याविषयी. युक्ती उघडी पडूनही माणसं परत का जातात? मला वाटतं, यात लाजेचा वाटा मोठा आहे. 'मी फसलो' हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा 'तो खराच होता' असं मानणं सोपं जातं. आणि आपण शहाणी माणसं फसलेल्याला हसून त्याचा परतीचा रस्ता अजूनच बंद करतो. रँडीचं मी जे वाचलं-पाहिलं त्यात त्याची जीभ तिखटच होती, पण खरा राग फसवणाऱ्यावर. शिकवणी सगळ्यांना खुली. त्या दोन पोरांपैकी स्टीव्ह शॉ पुढे 'बानाचेक' या नावाने मोठा जादूगार झाला, आणि रँडीच्या दहा लाख डॉलरच्या आव्हानाचं कामही त्याने सांभाळलं. गुरूने शिष्याच्या हातात तिजोरीची किल्लीच दिली म्हणायची.

आजचे पॉपॉफ व्हिडिओ कॉलवर पोलिसांचा गणवेश घालून बसतात. 'डिजिटल अरेस्ट' म्हणून तासन्‌तास माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात. त्यात डॉक्टर, प्राध्यापक, आमच्यासारखे इंजिनियरही पैसे घालवून बसलेत. असं कळलं की 'एवढं शिकून काय उपयोग' ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. ती जरा गिळूया. तक्रारीचा १९३० हा नंबर जितक्या लवकर फिरवावा तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त, आणि लाजेपायी नेमका तोच वेळ जातो.

मी घरी आई-बाबांना आणि ऑफिसात नव्या पोरांना एकच सांगून ठेवलंय: कधी फसलात तर पहिला फोन मला करा, मी हसणार नाही. रँडीची पुण्यतिथी वगैरे पाळायची म्हटली तर त्याला चाललं नसतं. पण एवढं तुम्हीही घरी सांगून ठेवलंत, तर त्याला नक्की चाललं असतं.